खालीची जागा

"किती वेळ बंद राहील हृदय?" मठातल्या आपल्या खोलीत बसलेल्या भवानगिरी बुवांनी विचारलं.

"अर्धा तास... कदाचित थोडं जास्तच," डॉक्टर जयवंत म्हणाला.

बुवांच्या मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ होती. ती मोठ्या शिरेतून वर सरकत थेट हृदयाच्या कप्प्यात पोचली होती.

"म्हणजे तळमजल्यावरचा भाडेकरू जिना चढून माडीवर आला म्हणायचा!" बुवा खदखदून हसले.

जयवंतला हसू आलं नाही. तो हृदयाचा नामांकित शल्यविशारद, आणि लहानपणापासून याच मठात बुवांकडे पखवाज शिकलेला. हात कधी थरथरला नाही ही त्याची घमेंड. आज मात्र त्याला दरदरून घाम फुटला होता.

"बुवा, तुमचं शरीर थंडगार करायचं, हृदय थांबवायचं, तेवढ्यात गाठ ओढून काढायची. दुसऱ्या कुणाचं असतं तर... पण तुमचं हृदय मी माझ्या हातानं थांबवू?"

बुवांनी पखवाज पुढे ओढला. "ताल धर."

"आत्ता?"

"मग काय, मेल्यावर?"

बुवा वाजवू लागले. जयवंत हातानं ताल धरू लागला. टाळीच्या जागी टाळी आणि खालीच्या जागी नुसता हात हवेत उघडायचा, हे मठातलं पोरही जाणतं. पण खाली आली आणि जयवंतनं फाडकन टाळी दिली.

बुवा थांबले.

"चुकलं, बुवा."

"घाबरलास. लहानपणापासून तुला ती रिकामी जागा सोसवत नाही. सारखं काहीतरी वाजलं पाहिजे!"

"पुन्हा."

पुन्हा टाळी पडली. बुवांनी डोळे वटारले, मग स्वतःच हसले.

तिसऱ्या खेपेला हात हवेत उघडला... तसाच राहिला. खोलीत कसलाच आवाज नव्हता. मग बुवांची थाप आणि जयवंतची टाळी एकदमच समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडली.

"व्वा!" बुवा लहान मुलासारखे ओरडले. "कर तुझं ऑपरेशन!"

जयवंतचे डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना. फार आनंद झाला होता त्याला. तरी त्यानं विचारलंच,

"पण बुवा... त्या खालीनंतर सम आलीच नाही तर?"

बुवांनी पखवाज बाजूला सारला.

"आजवर ती मी आणत होतो, असं वाटलं का रे तुला?"