पुस्तकातला मोर

“रात्रीतून कुणीतरी आमची पुस्तकं मुकी केली!”

वैजयंता श्रवणखोलीच्या दारात उभी राहून ओरडली.

“आणि कुणीतरी माझं उलथनं पुन्हा वाकवलं!” स्वयंपाकघरातून ठकूबाईंनी तिच्या आवाजात आपला आवाज मिसळला.

अक्कांच्या आश्रमात सगळे गुन्हे ‘कुणीतरी’च करतो. त्याला आजवर कुणी पकडलेलं नाही.

शार्दूल मात्र हातातला चहा तसाच ठेवून उठला. तीन महिने तो अशाच एका सकाळची वाट पाहत होता.

अंबाजोगाईच्या बाहेर, घाट लागायच्या आधी हा आश्रम आहे. इथं राहणारी सगळी मुलं-मुली दृष्टिहीन. भागूअक्काही जन्मापासून तशाच. सत्तरी ओलांडली, तरी गळ्यातल्या आवाजानं अजून काठी धरलेली नाही. वसमतकर मास्तर नावाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या मागं लागून त्यांनी शंभरावर पुस्तकं मोठ्यानं वाचून घेतली, ध्वनिमुद्रित करून ठेवली. मास्तर आपल्या घरी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून वाचायचे. पुढं मास्तर गेले. आवाज राहिला.

त्या आवाजासाठीच शार्दूल पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून आला होता. ही पुस्तकं मराठवाड्यातल्या प्रत्येक दृष्टिहीन मुलापर्यंत पोचली पाहिजेत! पुढच्या वर्षी नाही, समिती नेमून नाही. आत्ता!

आल्या दिवशीच त्यानं अक्कांना विचारलं होतं. “पुस्तकं बाहेर न्यायची परवानगी द्या.”

“आधी ऐकायला शिक.”

“ऐकायला काय शिकायचं, अक्का? कान आहेत की.”

अक्का हसल्या…

तेवढंच. मग शार्दूल हाताला लागेल ते सुधारत सुटला. पडवीच्या टोकाला, पायऱ्यांच्या अलीकडं एक फरशी पायाखाली डुगडुगायची. त्यानं ती खाली सिमेंट भरून बसवली. दुसऱ्या सकाळी पुन्हा डुगडुग. काल त्यानं ती पुन्हा बसवली. आज उठून पाहतो तर पुन्हा तेच.

“इथलं सिमेंटच भेसळीचं आहे,” तो चडफडला.

“राहू दे ना,” अक्का म्हणाल्या.

आणि आता पुस्तकांचं हे!

झालं होतं ते असं. श्रवणखोलीतल्या संगणकानं रात्री आपली यंत्रणा नवी करून घेतली होती. नव्या यंत्रणेला पुस्तकं ऐकवणारा जुना प्रोग्राम चालेना, आणि जुन्या पद्धतीच्या फायली ओळखू येईनात. पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारा संगणकाचा आवाज एकच वाक्य घोकत होता. “ही फाइल उघडता येत नाही… ही फाइल उघडता येत नाही…”

“दादा, उद्या अकराला माझा इतिहासाचा पेपर आहे,” वैजयंता म्हणाली. तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष. “लेखनिक मिळालाय, सगळं झालंय. आज दिवसभर फक्त उजळणी करायची होती. दुष्काळाचं प्रकरण आणि उठावाचं. या दोन्हींवर प्रश्न येतोच.”

“दुपारच्या आत सगळं सुरू करतो.”

“सगळं?”

“सगळं! आणि आधीपेक्षा चांगलं!”

खंडू कोपऱ्यात बसला होता. आश्रमातला सगळ्यांत वात्रट मुलगा. “दादा ‘चांगलं’ म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो,” तो पुटपुटला. शार्दूलनं ते ऐकलं नाही.

त्याची बोटं पळायला लागली होती. फायली मेलेल्या नाहीत, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. धान्य शाबूत होतं, पोतं तेवढं जुनं झालेलं. नव्या पोत्यात भरलं की झालं! त्यानं फायली नव्या पद्धतीत बदलणारा प्रोग्राम उतरवला. पहिलं पुस्तक घातलं. प्रोग्रामनं विचारलं, मागचा गोंगाट काढू? रिकाम्या जागा कापू?

शार्दूलचं मन आनंदानं भरून आलं. गोंगाट! मास्तरांच्या त्या ध्वनिमुद्रणात काय नव्हतं? कुकरच्या शिट्ट्या, मास्तरांच्या शिंका, बाहेरून ओरडणारा मोर, दूधवाल्याची सायकल. मधेच मास्तर पाणी प्यायचे, तेही घटाघटा ऐकू यायचं. इतक्या सुंदर आवाजावर इतकी धूळ!

त्यानं दोन्हीकडं हो म्हटलं.

दुपारच्या जेवणाआधी सगळी पुस्तकं बोलायला लागली. मास्तरांचा आवाज असा, जणू देवळातल्या गाभाऱ्यात एकटे उभे आहेत. एक शिंक नाही, एक शिट्टी नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंतानं दोन्ही हात जोडले आणि संगणकासमोर जाऊन बसली.

जागा मोकळी करायला शार्दूलनं जुन्या फायलींचा ढीग निवडला आणि पुसायची कळ दाबली. संगणकानं काही विचारलं असावं. पण तो थांबतो कशाला? तो पडवीकडं धावत सुटला होता.

अक्का खांबाला टेकून तांदूळ निवडत होत्या. बोटांनी.

“अक्का! झालं! एकूण एक पुस्तक! आणि किती स्वच्छ! ऐकाल तर ओळखणार नाही. आता तरी परवानगी द्या. सोमवारी बीड, मग परभणी…”

“कोण ओळखणार नाही?”

“कुणीच!”

अक्कांची बोटं थांबली. “मग ते कोण बोलायलंय तिथं?”

शार्दूल गोंधळला. उत्तर द्यायच्या आत श्रवणखोलीत कलकलाट सुरू झाला.

“माझी शिट्टी कुठंय?” हा वैजयंताचा आवाज, रडवेला. “तिसरी शिट्टी कुठंय?”

“अरे, राज्यघटनेतला मोर उडाला!” खंडू ओरडला.

“अर्थशास्त्रात दूधवाला आलाच नाही आज!” आणखी कुणीतरी म्हणालं.

शार्दूल तसाच मागं फिरला. “काय झालं? वाजतंय ना पुस्तक?”

“वाजतंय, दादा. पण मी कुठं आहे?” वैजयंता म्हणाली.

“म्हणजे?”

“आख्खं पुस्तक एकसलग आहे ना. मी ते चौपट वेगानं पळवते. चौपट वेगात कुकरची शिट्टी चिमणीसारखी वाजते. तिसरी चिमणी ऐकली की थांबायचं, तिथं दुष्काळ सुरू. मास्तर लागोपाठ दोनदा शिंकले की उठाव. आता नुसता आवाजच आवाज… सगळीकडं सारखा. वाळवंटात सोडल्यासारखं झालंय मला.”

“अगं, मी प्रत्येक प्रकरणाला नंबर देईन की!”

“कधी?”

“एकेक पुस्तक ऐकून… म्हणजे…” शार्दूल थांबला. शंभर पुस्तकं. पेपर उद्या. “पण तो गोंगाट होता, वैजयंता! तो दोष होता!”

 

पडवीतून हाक आली. “शार्दूल.”

तो गेला. कान तापले होते. आता बोलणी बसणार, हे त्यानं ओळखलं होतं.

“रुमाल आहे?” अक्कांनी विचारलं.

“आहे.”

“डोळ्यांना बांध. आणि अंगणातल्या रांजणातलं तांब्याभर पाणी आण मला.”

“अक्का, आत्ता? तिकडं वैजयंताचा पेपर…”

“तहान आत्ता लागलीय.”

चिडून, पण त्यानं रुमाल बांधला. रोजचा तर रस्ता. भिंतीला हात लावला आणि निघाला. भिंत… भिंत… खिडकी… भिंत… आणि भिंत संपली.

हात हवेत राहिला.

दिवसातून वीस वेळा तो इथून जायचा. पायऱ्या इथंच कुठंतरी होत्या. पण इथं म्हणजे कुठं? एका पावलावर, की चार पावलांवर? त्यानं पाय पुढं सरकवला, मागं घेतला.  डोळे उघडे असताना ही पडवी केवढीशी होती!

“पाणी?” मागून अक्का.

“आणतो…”

त्यानं श्वास धरून एक पाऊल टाकलं. आणखी एक.

डुग.

तो जागीच थांबला.

पायावर भार दिला. डुग. काढला. डुग.

पायऱ्या! याच्या पुढं लगेच पायऱ्या!

त्यानं पुन्हा भार दिला. डुगडुग, डुगडुग. ती फरशी पायाखाली बोलत होती, आणि शार्दूलच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिसरी शिट्टी! दोन शिंका! मोर! तो वेड्यासारखा त्या एवढ्याशा फरशीवर नाचायला लागला.

“अक्का! अक्का, ही फरशी…!”

“पाणी, लेकरा.”

तेवढ्यात खिडकीतून संगणकाचा तो सपाट आवाज आला. “या फायली कायमच्या पुसायच्या आहेत का? हो किंवा नाही.”

पाठोपाठ वैजयंताचा. “दादा, हे मघापासून मधे मधे येतंय. पुढं जाऊ देत नाही. हो म्हणू का?”

 जुन्या फायली! मास्तरांचा मोर, मास्तरांच्या शिंका, सगळं त्या एका ‘हो’च्या पलीकडं!

“नको!”

तो पळाला. रुमाल डोळ्यांवर तसाच. भिंत, खिडकी, भिंत! दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, उंबऱ्याला अंगठा ठेचला, खंडूच्या पायात अडकून तो वैजयंताच्या खुर्चीशी आडवा झाला.

“नाही म्हण! नाही! नाही!”

कळ दाबल्याचा आवाज झाला.

“कोणती दाबलीस?” शार्दूलनं जमिनीवरूनच विचारलं.



उत्तर संगणकानंच दिलं. “पुसणं रद्द केलं.”

शार्दूलनं रुमाल काढला. डोळ्यांत पाणी होतं. अंगठ्यामुळं असेल.

या वेळी त्यानं प्रोग्रामला दोन्ही वेळा नाही म्हटलं. गोंगाट काढू नकोस. जागा कापू नकोस. आहे तसं नव्या पोत्यात भर. आणि सगळ्यांत आधी इतिहास! पुस्तक तयार झालं तेव्हा सगळा आश्रम त्या खुर्चीभोवती गोळा झाला होता. ठकूबाईसुद्धा पिठाच्या हातांनी येऊन उभ्या राहिल्या.

वैजयंतानं पुस्तक चौपट वेगानं सोडलं. मास्तरांचे शब्द मुंग्यांसारखे पळायला लागले. शार्दूलनं नकळत डोळे मिटले.

चिव.

कुणी हललं नाही.

चिव.

वैजयंताचं बोट कळेवर येऊन थांबलं.

चिव!

“दुष्काळ!” ती किंचाळली. वेग उतरला, आणि मास्तरांचा आवाज शांतपणे सांगू लागला, त्या वर्षी ज्वारी पोटऱ्यात असतानाच, कणीस बाहेर पडायच्या आधीच कशी करपली ते. दुष्काळ सापडल्याचा इतका आनंद कुठल्या गावाला झाला नसेल. मुलं उड्या मारत होती. खंडूनं बसल्या जागी मोराचा आवाज काढला. वैजयंतानं मात्र सगळ्यांना दटावलं. “गप्प बसा रे. मला संध्याकाळपर्यंत उठावाला पोचायचंय.”

शार्दूल बाहेर आला. अंगणात उतरला. फरशीवर पाय देऊन, पायऱ्या उतरून. तांब्या भरला, अक्कांच्या हातात दिला आणि शेजारी बसला.

अक्का पाणी प्यायल्या. घटाघटा, मास्तरांसारख्या.

आतून पुस्तक ऐकू येत होतं. शार्दूल ऐकत होता. मास्तरांच्या मागं, फार लांब, कुणी बाई भाजी फोडणीला टाकत होती. इतक्या दिवसांत ती फोडणी त्यानं कधी ऐकलीच नव्हती…

मग ताटं मांडल्याचा आवाज आला.

“विचार की,” अक्का म्हणाल्या. “मघाशी अर्धंच राहिलं.”

“काय?”

“परवानगी.”

“थांबा हो, अक्का.” शार्दूलनं हात वर केला. “आत्ता मास्तरांच्या घरचे लोक जेवायला बसतायत.”

अक्का हसल्या.

“ने पुस्तकं,” त्या म्हणाल्या. “सोमवारी बीड.”

शार्दूल उडालाच. “नेऊ? खरंच? मोरासकट नेतो, अक्का! शिट्ट्यांसकट! आणि ही फरशी, हिला तर आता कुणी हात लावायचा नाही. बघा ना, दोनदा सिमेंट भरलं, दोन्ही वेळा धरलं नाही. देवाचीच इच्छा, दुसरं काय!”

पडवीत मोराचा आवाज काढत फिरणारा खंडू थबकला.

“देव कशाला, दादा?” तो म्हणाला. “सिमेंट ओलं असतानाच आम्ही उकरली. ठकूबाईंच्या उलथन्यानं.”