तीनदा जोडलेले हात

तीन महिने बंद असलेली लिफ्ट सुरू झाली, म्हणून सोसायटीचे चेअरमन घाटपांडे यांनी तिच्यापुढे नारळ फोडला आणि फोटो ग्रुपवर टाकला. चौथ्या मजल्यावरच्या शरयूकाकूंनी लगेच लिहिलं, "साहेब, तुमच्यामुळे लिफ्ट चालली." आणि पुढे तीनदा जोडलेले हात टाकले.

साहेबांचा पारा चढला. त्यांनी तातडीची सभा बोलावली.

"हा टोमणा आहे!" ते गरजले. "खरा आदर एकदाच हात जोडतो. तीनदा म्हणजे शुद्ध खवचटपणा! लेखी माफी मागा, नाहीतर ग्रुपमधून काढतो."

ग्रुपमधून गेलं की पाण्याची वेळसुद्धा कळायची नाही. पण काकू शांतपणे म्हणाल्या, "मला मेला टोमणा कुठे दिसत नाही. जरा वाचून दाखवा बरं सगळ्यांनी."

निवृत्त हवालदार साळुंख्यांनी ते वाक्य लिफ्टला अटक करावी तसं वाचलं. गाणं शिकवणाऱ्या नाडकर्णीबाईंनी ते यमनात आळवलं.

"असं नव्हे हो!" म्हणत साहेबांनी मोबाईल हिसकावला आणि नाक मुरडून, मान वेळावून वाचलं, "साऽहेब, तुमच्यामुळेऽऽ लिफ्ट चालली!"

सभा खो खो हसली.

"सापडला!" काकू म्हणाल्या. "साहेब, शब्द माझे, ते मी परत घेते. टोमणा तुमच्या तोंडून निघाला, त्याची माफी तुम्ही लिहून द्या."

साहेबांनी निमूटपणे ग्रुपवर माफी लिहिली. खाली काकूंनी हात जोडले, पण एकदाच.

एकदाच का, या विचारानं साहेबांना अजून जेवण जात नाही.