भागाईची डोण

ही दगडी डोण आधी नीट बघा. फोटो नंतर काढा. वर्षभर हिच्यात म्हशी पाणी पितात. अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मात्र अख्खं गाव टोप्या काढून हिच्यासमोर उभं राहतं. का, ते सांगतो.

आमच्या कोनवडीत लोहाराची भट्टी पूर्वी इथंच होती, असं सांगतात. सटवाजी लोहार नांगराचे फाळ तापवून ठोकायचा आणि त्याची बायको भागाई भाता ओढायची. लालबुंद फाळ या डोणीत बुडवला की त्याला पाणी चढायचं, म्हणजे तो कडक व्हायचा. आमची जमीन मुरमाड, मऊ फाळ तिच्यात टिकत नाही. गाव हे पिढ्यान्‌पिढ्या बघत होतं, पण बघून समजण्याची सवय या गावाला कधीच नव्हती.

एका वर्षी विहिरी आटल्या, एकच उरली. घरटी दिवसाला एक घागर, असं पाटलानं ठरवलं आणि डोणीचं पाणी बंद केलं. सटवाजी हात जोडून चावडीवर गेला. पाटील म्हणाला, "माणसं तहानेनं मरत्यात आन् तू लोखंड भिजवतोस व्हय? वाऱ्यावर ठेव, हुईल गार." चावडीवरची सगळी शहाणी मंडळी हसली म्हणे.

फाळ वाऱ्यावर गार झाले आणि पहिल्याच दगडाला वाकले. नांगरट खोळंबली, वर्षाचं अन्न हातचं जायची वेळ आली. तेव्हा या लोकांनी काय करावं? वाकलेले फाळ लोहाराच्या दारात आणून आदळले. याचा हात बिघडला म्हणाले. पाणी मात्र एकानंही आणलं नाही. माणूस मूर्ख असला तर मी समजून घेतो, पण मूर्ख असून वर दुसऱ्यालाच नावं ठेवतो, त्याची मला किळस येते.

दुसऱ्या दिवसापासून डोणीत पाणी दिसू लागलं. भागाई घरची घागर तिच्यात ओतत होती. नवऱ्यापुरतं तेवढं गाडग्यात काढून ठेवायची आणि सांगायची, "म्या हिरीवरच पिऊन आले." वैशाखाचं ऊन, समोर भट्टी आणि घशाला कोरड, तरी ती भाता ओढत राहिली. फाळ कडक होऊन जाऊ लागले, नांगर चालले. गावाला वाटलं, लोहार सुधारला. पाचव्या दिवशी, अखितीच्या सकाळी, एकच फाळ उरला, पाटलाचा. तो भट्टीत असतानाच भागाई भात्यापाशी कोसळली.

पाटील स्वतः घागर घेऊन धावत आला, पण तोवर ती गेली होती. सटवाजीनं ती घागर डोणीत ओतली, पाटलाचा फाळ त्यात बुडवला आणि त्याच्या हातात दिला. म्हणाला, "ह्याफुडं ही डोण तुझ्याच घरानं भरायची. उघड्या डोक्यानं." मग ऐरण डोक्यावर घेऊन तो गाव सोडून गेला.

पुढं दुसरे लोहार आले. मग बाजारात तयार फाळ आले, ट्रॅक्टर आले, आणि लोहाराकडे विळ्याची मूठ बसवण्यापुरतं काम राहिलं. शेवटचा सोपान लोहार आता तालुक्याला लोखंडी गेटं बनवतो. अखितीला त्याला बोलवावं, असं इथं कुणाला सुचत नाही.

आजही त्या दिवशी डोण काठोकाठ भरलेली असते. ती आपोआप भरते म्हणे, गाववाले तुम्हाला हेच सांगतील. पहाटे उठून सहा घागरी मी ओततो. तो पाटील माझाच पूर्वज. फाळ आता कुणाकडे नाहीत, म्हणून लोक ट्रॅक्टरच्या चाव्या बुडवतात, फोटो काढतात, पेढे वाटतात. मी दरवर्षी सांगतो, पाणी तापलेल्या लोखंडाला चढतं, गार चावी नुसती ओली होते. ते ऐकून घेतात आणि हसतात, चावडीवर हसले होते तसेच.