शेवटचं पान

फार पूर्वी, गाड्या बोलायच्या आणि माणसं मुकाट ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट. इस्माईल मिस्त्रींनी एका जुन्या जीपचं इंजिन पुरतं खोलून नव्याने बांधलं होतं. कोरड्या अंगाने कुणी कुणावर घासू नये, म्हणून चावी फिरवण्याआधी ते ड्रिलने नुसता तेलाचा पंप फिरवत होते.

पंपमामा तळातलं तेल ओढून पंगतीत वाढावं तसं एकेकाला वाढत सुटले. सगळ्यात वर, शेवटच्या पानावर होता झडप उघडणारा छोटा दांडा, रॉकर. त्याला अजून थेंबही मिळाला नव्हता.

"झालं की सगळ्यांचं!" नव्या रिंगा घालून नटलेला पिस्टन खालून ओरडला. "एका चिमुरड्यापायी किती ताटकळायचं? ए वरच्या, आलं म्हणून सांग!"

तेवढ्यात मिस्त्रींनी वाकून विचारलं, "काय रे बाळा, पोचलं का तेल?"

सगळं इंजिन त्याच्याकडे बघू लागलं. हो म्हटलं तर आत्ता सगळे खूश, पण मग आपलंच अंग घासून जळणार. रॉकर लाजत पुटपुटला, "नाही हो चाचा. माझं पान कोरडंच आहे."

पिस्टनने कपाळाला हात लावला. त्याला हात कुठून आले ते विचारू नका.

"वाढा, मामा!" मिस्त्री म्हणाले. पंपमामांनी जोर लावला आणि रॉकरच्या कुशीत गार थेंब पाझरला. मग धारच लागली. "आलं! आलं!" गुदगुल्या झाल्यासारखा तो खिदळला.

मिस्त्रींनी झाकण लावून चावी फिरवली. इंजिन असं गोड गुणगुणलं, की शेजारच्या म्हशीने आपण होऊन पान्हा सोडला. पिस्टन तर थुईथुई नाचतच सुटला.

वरून रॉकर म्हणाला, "दादा, सावकाश होऊ द्या!"