झिंग्यांचा डोह

"पण बुवा, झिंगे का येत नाहीत परत?"

मुरारबुवा डोहाकाठच्या धुनीत लाकूड सारत होते. 

विचारणारा विश्वंभर, बुवांचा जुना शिष्य. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. माणूस विद्वान, आणि हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

या डोहात एके काळी बोटाच्या पेराएवढे झिंगे बुजबुजलेले असत. पाण्यात पाय सोडले की टाचा कुरतडायला गोळा व्हायचे. विश्वंभरची बायको शालन दर सोमवारी यायची, पाय सोडून बसायची आणि गुदगुल्यांनी हसत सुटायची. हा काठावर बूट घालून उभा. चल, उशीर होतोय, एवढंच म्हणायचा.

मग वरच्या अंगाला भांड्यांना मुलामा चढवणारा कारखाना आला. त्याच्या सांडपाण्यातून तांबं, जस्त डोहात उतरलं. मासे कसेबसे तगले. झिंगे पार संपले. पुढे, दुसऱ्याच दुखण्यानं, शालनही गेली.

विश्वंभर पेटून उठला. अर्ज केले, कोर्टात खेटे घातले आणि शेवटी कारखान्याला टाळं लावलं. हे तो भेटेल त्याला सांगायचा. बुवा बिचारे दर वेळी नव्यानं ऐकायचे.

पाणी निवळलं. बेडूक आले. झिंगे मात्र...

तेव्हा त्यानं स्वतःच आणायचं मनावर घेतलं. डोंगरात, याच डोहात उतरणाऱ्या झऱ्याच्या उगमाशी, कारखान्याच्याही वर, ते अजून होते. दर सोमवारी पहाटे हा वर चढायचा, फडक्यानं झिंगे धरायचा आणि उन्हं चढेपर्यंत खाली घेऊन यायचा. तेही शालनच्या देवघरातल्या तांब्याच्या कलशातून. ती चिंच लावून घासायची तसाच लख्ख घासून. स्टीलच्या डब्यातून आणणं त्याच्या जिवाला पटत नव्हतं. डोहाशी आला की डोळे मिटायचे, तिचं नाव घ्यायचं आणि ओतायचं.

बुवा चार महिने बाहेरगावी होते, कालच परतले. सकाळी आंघोळीला उतरले तेव्हा पाण्यातल्या पायरीवर त्यांना काहीतरी दिसलं होतं. बोलले मात्र नाहीत. बुवांचं असंच.

बुवा धुनीत लाकडंच सारत राहिले तसा विश्वंभर चिडला. गाळातच धातू दडून बसलाय म्हणाला, उद्या माणसं लावून अख्खा डोह उपसतो. तणतणतच त्यानं कलश उचलला आणि डोळे मिटले.

"विश्वंभरा."

"काय, बुवा?"

"आज डोळे उघडे ठेवून ओत."

त्यानं ओतलं...

उगमाशी काचेसारखे आरपार असलेले झिंगे पांढरेफटक होऊन पायरीवर पडले. एकही हलला नाही. शेजारी मागच्या सोमवारचेही होते.

विश्वंभरनं कलशात वाकून पाहिलं. आतून तांबं कसं नव्या नाण्यासारखं चमकत होतं. चिंचेनं घासलेलं तांबं पाण्यात उतरतं, हे त्यानं जन्मभर पोरांना शिकवलं होतं. तो कलश घेऊन काठावर बसला.

"कारखाना तर मी बंद केला, बुवा..."

"हो. एक बंद केलास."

 मग विश्वंभर रडला, लहान पोरासारखा. म्हणाला, तिला कसलं एवढं हसू यायचं ते मला कधी कळलंच नाही. एकदा, फक्त एकदा ते कळायला हवं होतं. त्यासाठीच हा सगळा खटाटोप. भानावर येताच त्यानं कलश डोहात भिरकावायला हात उगारला.

बुवांनी मनगट धरलं. कलश काढून घेतला, मडक्यातलं पाणी त्यात घेतलं, दोन घोट प्याले आणि तो धुनीपाशी नीट ठेवून दिला.

"मग त्यांना आणू तरी कशातून?"

बुवा खाली वाकले आणि शिष्याच्या बुटाची नाडी सोडू लागले. विश्वंभर ओशाळला, पाय मागे घेऊ लागला. बुवांनी घेऊ दिला नाही. एक बूट काढला, मग दुसरा. मोजे काढले. ते पांढरे, मऊ पाय उचलून त्यांनी पाण्यात सोडले.

"बस असाच," बुवा म्हणाले. "पाय त्यांनाही आहेत."