खबर वर पोचली नाही

आबासाहेबांच्या बैठकीत वाईट बातमी आणायची नाही, असा दंडकच होता. त्यांच्या संस्थेची रुग्णवाहिका घाटात बंद पडली, आतली बाळंतीण दगावली. आबासाहेबांनी ड्रायव्हर धोंडूला काढून टाकला. गॅरेज चालवणाऱ्या हमीदाला धोंडूचं पडलेलं तोंड बघवेना.

गाडी तपासून हमीदा बैठकीत गेली. “इंजिन ठणठणीत आहे. ते फिरतंय ही खबर कंप्युटरला देणारा सेन्सर बिघडलाय. खबर तुटली की कंप्युटर डिझेल तोडतो, म्हणून गाडी चालू होऊन बंद पडते. इंजिन भंगारात घालू?”

“खुळी का काय! खबरच वर पोचली नाही, त्यात इंजिनाचा काय दोष?”

“मग धोंडूचा काय? गाडी बंद पडते हेच सांगायला तो आधीच आला होता. तुमच्या माणसांनी दारातूनच परत पाठवला.”

हमीदाने बिघडलेला सेन्सर त्यांच्यापुढे ठेवला.

“आबासाहेब, सेन्सर मी बदललाय. दंडक तुम्ही बदला.”