नैवेद्याआधीची चव

एकदा एक गृहिणी आपल्या सोळा सोमवारांचे उद्यापन मुलीच्या शाळेत करायला निघाली. लेक अशक्त होती, म्हणूनच तिने हे व्रत धरले होते. शाळेतल्या दुपारच्या गरम जेवणाने आणि दर आठवड्याच्या लोहाच्या गोळीने पोरीच्या गालांवर लाली आली. हे उपकार कसे विसरायचे? त्या साऱ्याच मुलांना आपल्या हातचे वरण-भात आणि चुरमा वाढायचा, असा तिचा संकल्प.

शाळेत मुलांच्या आया पाळीने रोज जेवणाची चव घेत, मगच पंगत बसे. हिने सोमवारची पाळी उपासापायी नाकारली होती. आज तर नैवेद्याचा स्वयंपाक. कुणीच चाखायचे नाही, असे तिने बजावले.

व्रताचे नेमधर्म तिला शिकवणाऱ्या वृद्ध आजी सोबत होत्या. नैवेद्याआधी अन्न जिभेला लावणे त्यांना जन्मात ठाऊक नव्हते. पण वरण उतरले आणि आजींनी पळीभर हातावर घेऊन चक्क चाखले!

शिष्या रडकुंडीला आली. "अहो आजी, उष्टं केलंत! सोळा सोमवार पाण्यात गेले की माझे!"

"आधी तूही चाख."

"मी? नैवेद्याआधी?"

"चाख म्हणते ना."

तिने थेंबभर जिभेवर ठेवले. वरण नुसते मीठ होते!

स्वयंपाकीण द्वारकाबाईंनी जीभ चावली. "ताई, तुम्ही सोवळं नेसायला गेला होता ना, तेव्हा मी घातलं हो मीठ."

"आणि आल्यावर मीही घातलं..."

आजी शांतपणे म्हणाल्या, "देव खारटही मुकाट्याने गोड मानून घेतो गं. लेकरू घेत नाही. ते ताट सरकवतं आणि उपाशी उठतं. लेकीच्या अंगी अन्न लागावं म्हणून ज्याला सोळा सोमवार विनवलंस, तो या पळीभर चवीवर रुसेल होय?"

शिष्येने आणखी डाळ शिजवली, बिनमिठाची. वरणात मिसळली, पुन्हा चाखली, मग हात जोडले. पंगतीतून लेकीचा आवाज आला, "आई, मला अजून वरण!"

पुढच्या सोमवारी ती वाटी घेऊन चवीच्या पाळीला शाळेच्या स्वयंपाकघरात हजर.

"अहो ताई, उद्यापन झालं तरी सोमवारचा उपास आहेच ना तुमचा?" द्वारकाबाईंनी विचारले.

"आहे तर," ती हसून म्हणाली. "म्हणूनच आले. घाला पळीभर."